दुसऱ्याच्या दुकानाची ईमेल लिस्ट सांभाळायची म्हणजे नक्की काय करायचं

आईला कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर ती सांगते "कॉम्प्युटरवरनं लोकांची पत्रं पाठवते", आणि खरं सांगायचं तर यापेक्षा बरी व्याख्या मला पण अजून जमलेली नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका बोळातल्या छोट्या ऑफिसात बसून मी सात-आठ धंदेवाल्यांच्या ईमेल लिस्ट बघते. एक कोल्हापुरी चपलांचे, एक मसाल्यांचे, एक गुळाचे, एक हुपरीचे चांदीवाले, शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, अशी सगळी खिचडी आहे. नवीन पोरंपोरी विचारत असतात की ताई हे काम शिकायचंय, त्यात नक्की करायचं काय असतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी प्रत्येक मालक एकच बोलतो, "ईमेल कोण वाचतंय आता, व्हॉट्सअॅप आहे की." बरोबर आहे, महाद्वार रोडवर चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाला ईमेल पाठवून काही उपयोग नाही. पण साध्या व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांवर थांबते आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज जातच नाही. आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेली, दोन जोड चपला घेऊन ठाण्याला परत गेलेली बाई तुमचा नंबर कशाला सेव्ह करेल? इन्स्टाग्रामवर आज रील चालतं, उद्या का चालत नाही हे कुणी सांगत नाही. ईमेलचं तसं नाही, पत्ता तुमच्याकडे असतो, मधे कुणाचा अल्गोरिदम असला तरी तो पत्ता उचलून तुम्ही दुसऱ्या टूलमध्ये, म्हणजे मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नेऊ शकता. म्हणून बाहेरगावचं गिऱ्हाईक, परदेशातली मराठी मंडळी, फाउंड्रीचे परचेस डिपार्टमेंटवाले, यांच्यासाठी ईमेल अजून पण लई कामाची गोष्ट आहे.

आता माझी चूक सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

धंदा सुरू केला त्या पहिल्याच दिवाळीत मसालेवाल्या काकांनी मला एक एक्सेल फाइल दिली, ३,८०० पत्ते. काका खुशीत, म्हणाले "पोरी, दहा वर्षांची कमाई आहे ही." मी पण खुशीत, एवढी मोठी लिस्ट! कुठनं आली हे मी विचारलंच नाही. नंतर कळलं की त्यात प्रदर्शनाच्या स्टॉलवर जमवलेली व्हिजिटिंग कार्डं होती, पुतण्याच्या कॉलेजची अख्खी बॅच होती, कुठल्यातरी क्लबच्या डिरेक्टरीतली पानंच्या पानं टाइप केलेली होती, आणि या सगळ्यांपैकी मसाला विकत घेतलेले किती, तर काकांना पण माहीत नाही. मी सगळी फाइल टूलमध्ये चढवली आणि धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी सकाळी दहाला बटण दाबलं. अकराच्या आत चारशेच्या वर मेल आपटून परत आले, साडेअकराला अकाउंट लॉक. आणि त्यातली खरी अक्कल म्हणजे तेव्हा मी सगळ्या क्लायंटचे मेल माझ्या एकाच अकाउंटवरनं पाठवत होते, पैसे वाचतात म्हणून! त्यामुळे चपलवाल्यांची दिवाळी ऑफर अडकली, चांदीवाल्यांचं धनत्रयोदशीचं पत्र अडकलं, सगळं ठप्प. टूलच्या सपोर्टवाल्यानं मला फक्त एवढंच विचारलं की हे पत्ते तुम्हाला कुणी दिले आणि या लोकांनी मेल पाठवायला हो कधी म्हटलं. उत्तर नव्हतं.

गावातल्या दूध संस्थेत सकाळी संकलनाला गेला असाल तर बघितलं असेल, प्रत्येकाच्या दुधाचं फॅट बघतात, वास घेतात, शंका आली की ते दूध बाजूला. का? कारण एकाचं नासकं दूध कॅनमध्ये पडलं की बाकीच्या वीस जणांचं चांगलं दूध पण गेलं. मी त्या दिवशी न तपासता कॅन भरला होता. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक क्लायंटचं अकाउंट वेगळं, त्याच्या नावावर, त्याच्या कार्डावर.

तर मुळात होतं काय की जीमेल, याहू, आउटलुक हे सगळे पाठवणाऱ्याची पत बघत असतात. बँक कशी उधारीचा इतिहास बघते तसंच. तुमच्या डोमेनवरनं (म्हणजे पत्त्यातलं अॅटच्या पुढचं नाव), तुमच्या सर्व्हरवरनं आधी आलेले मेल लोकांनी उघडले का, न बघता उडवले का, स्पॅमचं बटण दाबलं का, आणि नसलेल्या पत्त्यांवर तुम्ही किती मेल मारले. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ज्याला लोकांनी स्वतःहून पत्ता दिलाय त्याच्याकडे मेलेले पत्ते कमी असतात, आणि ज्यानं कुठनंतरी ढापलेत त्याच्याकडे भरपूर. म्हणजे बाउन्स, आपटून परत येणारे मेल, किती आले यावरनंच समोरच्याला कळतं की माल कुठला आहे.

बाउन्स दोन जातीचे. समोरचा सर्व्हर तीन आकडी कोड पाठवतो, तो चारनं सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, मेलबॉक्स भरलाय, सर्व्हर बिझी आहे वगैरे, याला सॉफ्ट बाउन्स म्हणतात. पाचनं सुरू होत असेल, म्हणजे ५५० वगैरे, तर बहुतेक तो पत्ताच अस्तित्वात नाही, तो हार्ड बाउन्स. हार्ड बाउन्स झालेल्याला परत एकदा पाठवून बघू का, हा प्रश्न मालक हमखास विचारतात आणि उत्तर हमखास नाही. टूल स्वतःच तो पत्ता बंद करतं, पण मालकाच्या एक्सेलमध्ये तो असतोच की, आणि पुढच्या वेळी तो तीच एक्सेल परत पाठवतो! त्यात २०२३ च्या डिसेंबरपासून गूगलनं दोन वर्षं न वापरलेली अकाउंटं काढून टाकायला सुरुवात केलीय, त्यामुळे जुनी लिस्ट कपाटात ठेवून मुरत नाही, नुसती कुजते.

आणि कुणी म्हणेल हे सगळे नवीन नखरे आहेत, तर तसं पण नाही. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क या मार्केटिंगवाल्यानं आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यावरच्या, चारशेच्या आसपास लोकांना न विचारता कॉम्प्युटरची जाहिरात मेल केली, आणि ते पत्ते छापील डिरेक्टरीतून बघून टाइप केलेले होते. लोकांनी तेव्हाच आरडाओरडा केला. म्हणजे काकांनी क्लबच्या डिरेक्टरीचं जे केलं त्याची परंपरा चांगली जुनी आहे, आणि शिव्या खायची पण.

आता नियम. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं हे सगळं कडक केलं. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना पूर्ण बंधनं आहेत, डोमेनची तिन्ही कागदपत्रं पाहिजेत (सांगते पुढे), एका क्लिकवर नाव काढता आलं पाहिजे आणि ते दोन दिवसांत निघालं पाहिजे. आपला मसालेवाला कुठं दिवसाला पाच हजार पाठवतो, म्हणून सुटला असं वाटतं, पण स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायचं हे सगळ्यांनाच लागू आहे, आणि गूगल तर ०.१ च्या आत राहा म्हणतं. याचा हिशोब जरा हातानं करून बघा. ०.३ टक्के म्हणजे हजारामागं तीन. आठशेच्या लिस्टमध्ये तीन माणसं वैतागून स्पॅम दाबून मोकळी झाली की तुम्ही रेषेच्या वर गेलात. मोठ्या कंपनीला तीन माणसं म्हणजे किस झाड की पत्ती, आपल्या छोट्या दुकानाला तीन माणसं म्हणजे पत गेली. त्यामुळे लहान लिस्टला उलट जास्त जपावं लागतं, हे मालकाला पटवायला मला अर्धा तास आणि दोन चहा लागतात.

डोमेनची कागदपत्रं म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावं ऐकून लोक घाबरतात, पण गोष्ट साधी आहे. एसपीएफ म्हणजे तुमच्या दारावर लावलेली पाटी, की आमच्या नावानं टपाल न्यायची परवानगी फक्त ह्यांना. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचं लाखेचं सील, मधे कुणी पाकीट फोडून आतलं बदललं तर सील जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे समोरच्या वॉचमनला दिलेली सूचना, की आमच्या नावानं कुणी आलं आणि पाटी, सील यातलं एक पण जुळलं नाही तर काय करायचं, सोडायचं, बाजूला बसवायचं का गेटवरनंच हाकलायचं. सुरुवातीला सोडायचं ठेवतात आणि रिपोर्ट बघतात, मग हळूहळू कडक करतात. एक फुकटचा सल्ला, एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच पाहिजे. नवीन टूल घेतलं की त्याच्या हेल्प पेजवरनं ओळ कॉपी करून जुनीच्या खाली दुसरी चिकटवतात आणि मग दोन्ही निकामी होतात, जुन्याच ओळीत नवीन नाव घुसवायचं असतं. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नवीन क्लायंट आला की पहिल्यांदा तेच उघडते.

आणि हे सगळं करायला डोमेनच्या पॅनेलचा पासवर्ड लागतो, तो मालकाकडे कधीच नसतो. तो असतो सहा वर्षांपूर्वी वेबसाइट करून दिलेल्या भाच्याकडे, जो आता हिंजवडीला असतो, आणि त्याची ऑफिसची मीटिंग कधीच संपत नाही. माझ्या कामाचे पहिले पंधरा दिवस भाचा शोधण्यात जातात. दुकानाचं नाव अॅट जीमेल डॉट कॉम असल्या पत्त्यावरनं टूलमधनं मेल पाठवायचा विचार पण करू नका, कारण टूल काही गूगल नाही, त्याच्याकडे जीमेलचं सील नाही, ते मेल आधीच संशयित म्हणून जातात. स्वतःचं डोमेन वर्षाला हजार-दीड हजारात येतं, एवढं तर करा.

बरं, मग पत्ते आणायचे कुठनं? काउंटरवरनं. चपलवाल्यांच्या दुकानात मी एकदा शनिवारी दुपारभर नुसती बसून राहिले. वहीत पत्ता लिहून घ्यायची पद्धत होती, वही उघडली तर त्यात 'जीमेल डॉट कॉन' होतं, 'गमेल' होतं, अॅटच्या जागी नुसता गोल होता, आणि एकच पत्ता एकवीस वेळा होता. कुणाचा म्हणून बघितलं तर काउंटरवरच्या पोराचा! मालकानं त्याला सांगितलेलं, दिवसाला वीस पत्ते पाहिजेत, आणि गिऱ्हाईक नाही म्हणालं की तो बिचारा स्वतःचाच लिहायचा. पोराची काय चूक, टार्गेटच चुकीचं. आम्ही वही काढून टाकली, टॅब्लेट ठेवला, गिऱ्हाइकानं स्वतः टाइप करायचं, आणि खाली साध्या मराठीत एक ओळ, 'महिन्यातून एक-दोनदा नवीन डिझाइन आणि सवलतीची माहिती पाठवू, नको वाटलं की एका क्लिकवर बंद', त्याच्या शेजारी रिकामा चौकोन. रिकामा. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे परवानगी नाही, ती पळवाट आहे.

मग त्या पत्त्यावर एक मेल जातो की हे तुम्हीच का, असाल तर इथं दाबा. याला डबल ऑप्ट-इन म्हणतात. इथं मालकाचा जीव खालीवर होतो, कारण शंभरातले कितीतरी जण दाबतच नाहीत. जाऊ देत की! जो दाबायचा कंटाळा करतो तो पुढं तुमचा मेल काय वाचणार. शिवाय हो कधी म्हटलं त्याची तारीख-वेळ टूलमध्ये नोंद राहते, म्हणजे उद्या सपोर्टवाल्यानं तो प्रश्न विचारला की माझ्याकडे उत्तर आहे.

सगळ्यात नाजूक काम मात्र नाव घालायचं नाही, काढायचं आहे, आणि यात मी दुसऱ्यांदा तोंडावर पडले. गुळवाल्यांचं टूल बदलायचं होतं, जुनं महाग झालेलं. मी जुन्यातनं लिस्ट डाउनलोड केली, नव्यात चढवली, मेल गेला. दोन तासात एका बाईंचा रिप्लाय आला, फार शांतपणे लिहिलेला, "मी यातून नाव काढून दीड वर्ष झालं, माझे वडील गेल्यानंतर काढलं होतं, गूळ त्यांच्यासाठीच घ्यायचे, परत कसं सुरू झालं?" वाचून मला कसंतरी झालं. झालं असं की मालकाच्या एक्सेलमध्ये त्या होत्याच, नवीन टूलला काय माहीत त्यांनी नको म्हटलंय. नको म्हणणाऱ्यांची यादी वेगळी डाउनलोड करून, ती आधी नव्या टूलमध्ये 'यांना कधीच पाठवू नका' म्हणून चढवायची आणि मगच बाकीची लिस्ट, हा क्रम आता मी भिंतीवर चिकटवलाय. या यादीला सप्रेशन लिस्ट म्हणतात. कुणाची काय कारणं असतात आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत असायची गरज पण नाही.

नाव काढायची लिंक मोठी आणि दिसेल अशी ठेवा. लपवली तर माणूस शोधत बसत नाही, वर स्पॅमचं बटण असतं ते दाबतो. त्यात मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारकी गोष्ट, जीमेल साधारण १०२ केबीच्या वर गेलेला मेल खालनं कापतं आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा वेगवेगळे तीन-तीन बाइट खातात, इंग्रजीचं अक्षर एकच. म्हणून लांबलचक मराठी मेल, त्यात डिझायनरनं घातलेला झगमगाट, की तळाची 'नाव काढा' ओळ नेमकी कापलेल्या भागात जाते. मी मेल छोटाच ठेवते. आणि सीएसव्ही फाइल, म्हणजे लिस्टची साध्या मजकुरातली फाइल, एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करताना यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट ठेवणारा प्रकार) निवडा, नाहीतर 'नमस्कार' च्या पुढं नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ जाते, हे पण झालंय माझ्याकडनं, एकदा नव्हे, दोनदा.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अॅक्ट २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. यात आपल्या कामाचं काय, तर दुकानदार हा डेटा फिड्युशियरी, म्हणजे लोकांनी विश्वासानं माहिती ज्याच्याकडे ठेवली तो, आणि आपण डेटा प्रोसेसर, त्याच्या सांगण्यावरनं काम करणारे. जबाबदारी मुख्यतः त्याची, आपल्याशी त्याचा रीतसर करार पाहिजे, आणि माहिती सांभाळण्यात हलगर्जीपणा झाला तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आकडा ऐकून मालक हसतात, पण करार करायला तयार होतात, एवढा त्याचा फायदा! चांदीवाल्यांचं गिऱ्हाईक युरोपात आहे, तिथं २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा लोकांची माहिती जपायचा कायदा लागू आहे, आणि अमेरिकेत पाठवायचं तर २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार मेलमध्ये धंद्याचा टपालाचा खरा पत्ता लागतो. तो पत्ता तसाही घालाच, 'गुजरी, कोल्हापूर' वाचून परदेशातल्या माणसाला बरंच वाटतं.

करारात मी तीन गोष्टी लिहून घेते. लिस्ट क्लायंटची, काम संपलं की मी फाइल देणार आणि माझ्या लॅपटॉपवरनं पुसणार. एकाची लिस्ट दुसऱ्याला नाही. ही दुसरी गोष्ट लिहिली नसती तर मला रोज भांडावं लागलं असतं, कारण गुळवाले सहज म्हणतात, "मॅडम, चपलवाल्यांचे पत्ते तुमच्याकडं हायतच की, एक मेल आमचा सोडा त्यांना, कोण विचारतंय." भावा, चपला घेणाऱ्यानं पत्ता चपलांसाठी दिलाय. आणि तिसरी, विकत घेतलेली लिस्ट मी चढवणार नाही. 'एक लाख व्हेरिफाइड ईमेल' असल्या जाहिराती मालकांना येत असतात, स्वस्तात. त्यात फसवे पत्ते पण असतात, स्पॅम ट्रॅप म्हणतात त्यांना, असे पत्ते जे कुणी माणूस वापरतच नाही, फक्त लिस्ट ढापणाऱ्यांना पकडायला ठेवलेले असतात. त्यावर मेल गेला की काय करायचं राहिलं.

मग महिन्याला करते काय? खरं तर गाळते. जो सहा महिने एकपण लिंक दाबत नाही, काही मागवत नाही, त्याला एक शेवटचं पत्र, अजून पाठवू का. उत्तर नाही आलं की नाव बाजूला. फाउंड्रीच्या लिस्टला हा नियम लावत नाही, तिथं १४० पत्ते आहेत आणि एखादा माणूस दीड वर्षानं उगवून थेट मोठी ऑर्डर देतो, त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा पण पाठवत नाही मी, नवीन मशीन आलं किंवा सर्टिफिकेट मिळालं तरच मेल. धंदा बघून ठरवायचं. पावसाळ्यात कोल्हापुरी चपलेची ऑफर पाठवणं म्हणजे वेडेपणा, तेव्हा चप्पल भिजली तर काय करायचं, तेल कसं लावायचं असा मेल जातो, आणि गंमत म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त रिप्लाय येणारा मेल तोच आहे. गुळाचं खरं काम दसरा-दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं पेटली की चालू होतं.

गाळल्यानं पैसे पण वाचतात, कारण बरीच टूलं लिस्टच्या आकारावर बिल लावतात. मेलचिंप नावाच्या टूलमध्ये तर नाव काढून गेलेले लोक पण बिलात मोजले जातात, आपण त्यांना आर्काइव्ह करेपर्यंत, म्हणजे बाजूला काढून ठेवेपर्यंत. कितीतरी दुकानदार महिनोन् महिने निघून गेलेल्या लोकांचं भाडं भरत बसलेत.

आणि ओपन रेटवर, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्या आकड्यावर, फार जाऊ नका. मेलमध्ये एक न दिसणारं टिकलीपेक्षा बारीक चित्र असतं, ते लोड झालं की 'उघडला' अशी नोंद होते. अॅपलनं २०२१ च्या सप्टेंबरपासून आयफोनच्या मेल अॅपमध्ये अशी सोय दिली की ती चित्रं माणसानं मेल न बघताच आधी लोड होतात. त्यामुळे आयफोनवाली गिऱ्हाइकं जास्त असली की आकडा उगाच छान दिसतो. मी मालकांना रिपोर्टमध्ये क्लिक, रिप्लाय आणि ऑर्डर एवढंच दाखवते. ज्यांना ओपन रेटच बघायचा असतो त्यांना तो पण दाखवते, फक्त वर लिहून ठेवते की यावर नाचू नका.

मसालेवाल्या काकांची लिस्ट आता अकराशेच्या आसपास आहे. ३,८०० चं १,१०० केलं म्हणून सुरुवातीला ते माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हते, "दुसऱ्यांच्या वाढवतीस आणि माझीच बरी कापलीस" म्हणायचे. परवा दिवाळीचा मेल गेला, सकाळी दहाला, लॉक नाही, गोंधळ नाही. दुपारी काकांचा फोन. मला वाटलं ऑर्डरींचं सांगतायत.

"अगं त्या कॅनडावाल्या बाईंनी उत्तर पाठवलंय. कांदा-लसूण मसाला पाहिजे म्हणतीया, आणि त्याच्याबरोबर जवसाची चटणी."

"मग पाठवा की काका."

"आपण जवसाची करतच नाही, खरं ती म्हणतीया तिची आज्जी करायची. आता काय सांगू तिला?"

मी म्हटलं, काका ते काकूंना विचारा, मी फक्त पत्रं पाठवते.